कायले पाहिजे अल्बम?

पोरांनी बँड काढला, दोन-चार गॅदरिंगं गाजवली, तोवर घरी कोणाची फारशी हरकत नसते. ‘आता अल्बम करायचा’ म्हटलं की मात्र नागपुरातल्या कुठल्याही घरात पहिला प्रश्न हाच येतो: कायले पाहिजे अल्बम? प्रश्न खुळचट नाही. ड्रमर आठव्या सेमिस्टरनंतर पुण्याला किंवा बंगळुरूला जाणार, गायक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणार, आणि गाणी ऐकणारे दोनशे लोक बहुतेक एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातले. मग महिनोन्‌महिने घालून पाच गाणी रेकॉर्ड कशाला करायची?

आमच्या मते करायची, आणि ती याच शहरात करायची. गॅदरिंगला गाणं रेटून नेता येतं. समोर पोरं नाचत असतात, आवाज मोठा असतो, चुका गर्दीत बुडतात. रेकॉर्डिंगमध्ये तेच गाणं शेवटच्या सेकंदापर्यंत पुरं करावं लागतं. दुसरा अंतरा पहिल्याचीच नक्कल आहे, गिटारचा सोलो उगाच सोळा मात्रा लांबलाय, हे तिथे पहिल्यांदा कळतं. शिवाय नोंद राहते. १९७० आणि १९७१ साली सिमला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या तबकड्या सिगारेट कंपनीच्या पैशावर निघाल्या. त्या निघाल्या नसत्या तर त्या काळी आपल्याकडची पोरं इलेक्ट्रिक गिटार कशी वाजवत होती, हे आज कोणाला ऐकता आलं असतं?

अल्बमबद्दलची आपली सगळी चर्चा मात्र मधल्या भागाची असते. स्टुडिओ कुठला, माइक कुठला, मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणं) कोणी केलं, मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) मुंबईला पाठवलं का. अल्बम बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, तालमीला जागा नसते तिथे. आणि मरतो तो नंतर, लोकांच्या कौतुकात. ही दोन्ही टोकं बँडच्या हातात नाहीत. पहिलं कॉलेजच्या हातात आहे, दुसरं ऐकणाऱ्यांच्या.

आधी जागेचं बोलू. बहुतेक बँडांची तालीम कोणाच्या तरी घरच्या गच्चीवरच्या खोलीत चालते. खोली साधारण १० बाय १२ फूट, उंचीही १०. आता गणित बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १० फुटांचं, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरचं अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. बास गिटारची मोकळी ‘ए’ तार आहे ५५ हर्ट्झची. म्हणजे ‘ए’ वाजला की सगळी खोली गुरगुरते. त्यात उंचीही १० फूट, म्हणून तोच सूर दुप्पट चढतो. बारा फुटांच्या बाजूला ४७ हर्ट्झच्या आसपास दुसरा घुमारा, तो ‘एफ शार्प’ला जाऊन भिडतो. मधले सूर त्या मानाने पातळ. बासवाला बिचारा हे ऐकून नकळत ‘ए’ हळू आणि बाकीचे सूर जोरात वाजवायला शिकतो. सहा महिन्यांत ती सवय बोटांत मुरते. मग स्टुडिओत बासची लाइन सरळ मिक्सिंग बोर्डात घेतली की दर चौथा सूर वर-खाली होताना दिसतो आणि इंजिनिअर म्हणतो, पोराचा हात कच्चा आहे. हात कच्चा नसतो, त्याला खोलीने तसा वळवलेला असतो. (गंमत अशी की उन्हामुळे आवाजाचा वेगही वाढतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५७च्या पुढे. त्यामुळे हिवाळ्यात ‘ए’ला घुमणारी खोली मे महिन्यात जवळपास ‘ए शार्प’ला घुमते.)

यावर पोरांचा इलाज ठरलेला: अंड्यांचे ट्रे. ते भिंतीला चिकटवले की स्टुडिओसारखं दिसतं, एवढाच त्यांचा उपयोग. पुठ्ठा फक्त वरचे, चिरचिरे सूर थोडे विखुरतो. बासवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही अडत नाही, आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. दोन इंची फोमचंही फार वेगळं नाही. ५५ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर असते, तिला दोन इंच म्हणजे काहीच नाही. त्यापेक्षा जुन्या कापसाच्या गाद्या बऱ्या, आणि विदर्भात त्यांना तोटा नाही. पाच-सहा इंच जाडीची गादी भिंतीपासून चार बोटं सोडून उभी केली तर मधले सूर छान शोषते. कोपऱ्यांत काचलोकरीचे गठ्ठे खालपासून वरपर्यंत, कापडात नीट शिवून, म्हणजे तंतू नाकात जाणार नाहीत. बासचा अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून भिंतीच्या एक तृतीयांशावर आणला तर एक पैसा न घालवता निम्मा गोंधळ कमी होतो.

मग कूलर. पुण्या-मुंबईच्या पोरांना हा प्रश्न कळणारच नाही. नागपुरात होळीनंतर कूलर लागतो तो पाऊस स्थिरावेपर्यंत उतरत नाही. डेझर्ट कूलरचा पंखा, पंपाची गुरगुर आणि ताटीवरून गळणारं पाणी, या सगळ्यावर गायकाला ओरडावं लागतं, आणि ओरडून पाठ केलेलं गाणं माइकसमोर हळू गाता येत नाही. कूलरची ओली हवा आणि बाहेरची कोरडी झळ यांच्यात गिटारची मान रोज थोडी वाकते, थोडी सरळ होते. सकाळी लावलेले सूर दुपारी उतरलेले असतात. कडक उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येतात आणि हाताला बोचतात. ढोलकी किंवा तबला घेणाऱ्या बँडांचे हाल विचारूच नका, कातडं दर तासाला वेगळ्या सुरात बोलतं. म्हणून रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. अडचण एवढीच की सेमिस्टरच्या परीक्षा आणि गॅदरिंगं यांचेही दिवस तेच. दिवाळीची सुट्टी हा बँडच्या वर्षातला सगळ्यात मोलाचा काळ, आणि बहुतेक बँड तो ‘थोडा आराम’ म्हणून घालवतात.

विजेचं एकच सांगतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. जुन्या घरांत तीन पिनांच्या बोर्डात अर्थिंगचं भोक असतं, त्याच्या मागे तार असेलच असं नाही. अ‍ॅम्पमधून ५० हर्ट्झची ‘हूं’ येते, कोणीतरी शहाणा प्लगची अर्थ पिन काढून टाकतो आणि हूं थांबते. आता गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकच्या जाळीला, यांच्यामध्ये धक्का बसायला फक्त एका बिघडलेल्या अ‍ॅम्पची गरज आहे. अर्थ पिन कधीही काढू नये. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, इंजिनिअरला नको. सगळे अ‍ॅम्प आणि इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारी पेटी) एकाच बोर्डावर घेतले तर बरीचशी हूं आपोआप जाते. उरली तर गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं, म्हणजे डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं.

हे सगळं कॉलेजच्या एका खोलीत कायमचं सोडवता येतं, आणि आमचा मुद्दा तोच आहे. गॅदरिंगला बाहेरचा कलाकार आणायला, मंडप, एलईडी भिंत, जनरेटर यांना पैसे निघतात. ते पैसे विद्यार्थ्यांच्याच फीमधून आलेले असतात. एका रात्रीत ते संपतात आणि सकाळी मैदानात खुर्च्या उरतात. काही मोठ्या संस्थांत म्युझिक क्लबला खोली असते, हे मान्य. पण विद्यापीठाशी संलग्न साध्या पदवी कॉलेजांत क्रिकेटची किट ठेवायला कपाट आहे आणि ड्रम ठेवायला कोपरा नाही. युवा महोत्सवात पाश्चात्त्य समूहगान, पाश्चात्त्य एकल गायन असे प्रकार असतात, त्यासाठी महोत्सवाच्या आधी पंधरा दिवस हॉल उघडतो. स्पर्धा झाली की हॉलला पुन्हा कुलूप.

प्राचार्य दोन हरकती घेतात. पहिली आवाजाची. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम दाखवले जातात: शैक्षणिक संस्थांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा मर्यादा ५० डेसिबल, रात्री ४०. नियम बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. ड्रम वाजताना खोलीत १०५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत त्यातले सुमारे ५० खाते. भिंतीला लागून ५५ उरतात, दहा पावलांवर तेही बोलण्याच्या आवाजाखाली जातात. गळती होते ती दारातून. साधं पोकळ फ्लश डोअर जेमतेम २० ते २५ डेसिबल अडवतं. म्हणून दोन दारं हवीत, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून, चौकटीला रबराची पट्टी लावून, खालची फट बंद करून. खिडकी विटांनी चिणून टाकायची. किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, धपका थोडा बाहेर जाईलच, कमी सूर भिंतीला फारसे जुमानत नाहीत. ड्रमखाली जाड रबर आणि त्यावर प्लायवूड टाकलं की मजल्यातून जाणारा धपका बराच कमी होतो.

दुसरी हरकत पैशाची. त्यावर उत्तर असं की सगळं घ्यायची गरजच नाही. गिटार, पेडल, तारा पोरं आपल्या आणतात. त्यांना आणता येत नाही ते दुचाकीवर न मावणारं: ड्रमचा संच, बासचा अ‍ॅम्प, गायनासाठी दोन स्पीकर आणि छोटा मिक्सर. एवढंच कॉलेजने घ्यावं. खोली १२ बाय १५ असली तरी चालते, फक्त लांबी, रुंदी, उंची एकसारखी नको. बंद खोलीत एसी लागेल. तालमीच्या वेळी तो चालू राहू दे, कूलरपेक्षा शंभरपट बरा. भिंतीवर वेळापत्रक, दोन-दोन तासांचे तुकडे, आणि मोडतोडीची वही. झालं.

कारण अल्बमचं खरं काम या खोलीत होतं. हिशेब सरळ आहे: स्टुडिओतल्या प्रत्येक तासामागे तालमीचे किमान चार तास. पाच गाण्यांना स्टुडिओचे ५०-६० तास लागतात, म्हणजे तालमीचे दोनशेच्या वर. जागा नसल्यावर पोरं हा हिशेब उलटा करतात आणि ताशी भाड्याच्या स्टुडिओत बसून गाण्याचा मुखडा ठरवतात.

तालमीत करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. क्लिकवर, म्हणजे कानात ठेका देणाऱ्या टिकटिकीवर, वाजवायची सवय किमान तीन आठवडे आधीपासून, नाहीतर रेकॉर्डिंगच्या दिवशी ड्रमर क्लिकच्या मागे धावत राहतो. प्रत्येक गाण्याची गती फोनवर रेकॉर्ड करून ठरवायची. गॅदरिंगला सगळंच मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी जोरात सुटतं, तीच गती डोक्यात बसलेली असते. गिटारची इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागतो का) बाराव्या फ्रेटवर तपासायची आणि दोन्ही गिटार एकाच ट्यूनरवर लावायच्या. तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदलायच्या. त्याच दिवशी बदलल्या की ताणत राहतात आणि सूर उतरतो.

ड्रमच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, की चांगले माइक म्हणजे चांगला ड्रम. चार माइकांत उत्तम ड्रम रेकॉर्ड होतो: एक किकला, एक स्नेअरला (मधल्या कडकडीत वाजणाऱ्या ड्रमला), दोन वर. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून बरोबर सारख्या अंतरावर हवेत, सुतळी लावून मोजायचं. ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की एक मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि स्नेअर पोकळ, पत्र्यासारखा येतो. माइक दुय्यम, झांजा पहिल्या. स्वस्त संचाबरोबर येणाऱ्या पितळी झांजा जेवणाच्या ताटासारख्या वाजतात. तो आवाज वरच्या दोन्ही माइकांत सगळ्या ड्रमवर पसरतो आणि संगणकावरच्या कुठल्याही प्लगिनने निघत नाही. महागडा माइक भाड्याने घेण्याऐवजी कोणाकडून दोन दिवसांसाठी कांशाच्या झांजा आणाव्यात. स्नेअर आणि टॉमची वरची कातडी नवी बसवून, प्रत्येक स्क्रू समोरासमोर पिळत ट्यून करावी. यात अर्धा दिवस जातो आणि तोच अर्धा दिवस अल्बमभर ऐकू येतो.

गिटारवाल्यांचा रोग उलटा. स्टेजवर जेवढं डिस्टॉर्शन (आवाजाची मुद्दाम केलेली खरखर) लागतं तेवढंच ते रेकॉर्डिंगला ठेवतात. डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन ट्रॅक एकावर एक चढले की त्याचा नुसता चिखल होतो. गेन, म्हणजे त्या खरखरीचा जोर, एक तृतीयांश कमी करायचा. एकट्याने ऐकलं तर गिटार लंगडी वाटेल, बँडमध्ये ऐकलं तर भिंतीसारखी उभी राहील.

गायनापाशी मात्र थांबायला हवं, कारण मराठी रॉकचा सगळा डाव तिथे आहे आणि तिथेच तो बहुधा हरतो. एक शब्द घ्या: धूळ. या शहराच्या बँडच्या गाण्यात तो येणारच. ‘ध’ महाप्राण आहे, तो म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प ऐकू येतं. पॉप फिल्टर लावून, तोंड १५-२० सेंटिमीटर लांब आणि माइक थोडा तिरका ठेवला की हे सुटतं. पुढे ‘ऊ’. दीर्घ, आवळलेल्या ओठांचा स्वर. चढ्या सुरावर तो लांबवायचा म्हणजे गळा आवळणार. चाल बांधतानाच चढा सूर ‘आ’ किंवा ‘ओ’वर पडेल असा शब्द निवडायला हवा होता. आणि शेवटी ‘ळ’. मराठीत आपण ‘धूळ्’ असं तोडून म्हणतो. गाण्यात शेवटच्या अक्षराला सूर हवा, म्हणून पोरं एकतर ‘धूळअऽ’ असं ओढतात, नाहीतर इंग्रजी गाणी ऐकून जीभ इतकी सैल झालेली असते की ‘धूल’ होतं. तिन्ही अडचणी एका शब्दात. सुरेश भट आणि ग्रेस ज्या शहरात राहिले त्या शहरातल्या गीतकाराने शब्द तोंडात घोळवून बघायला हरकत नसावी. होतं असं की आधी गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ठरतो आणि शब्द रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री त्यात कोंबले जातात.

पुढची चूक मिक्समध्ये होते. व्यंजनं कळतात ती साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये, आणि डिस्टॉर्शनची गिटारही तिथेच पसरून बसलेली असते. इंग्रजी रॉकच्या धर्तीवर मिक्स करणारा आवाज गिटारमध्ये अर्धा बुडवून ठेवतो. इंग्रजी गाण्यात ते चालून जातं, कारण इथला श्रोता तिथे प्रत्येक शब्द कळायची अपेक्षाच ठेवत नाही. मराठी गाण्यात शब्द निसटला की त्याला चुकल्यासारखं होतं आणि तो मागचं ऐकत बसतो. गिटार त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलने खाली, गायन एक डेसिबलने वर, आणि ओळीओळीला हाताने आवाज सांभाळणं, एवढं केलं तरी गाणं उभं राहतं. आणखी एक. पाच गाणी एका संध्याकाळी गाऊन टाकायची नाहीत. दिवसाला एक. पाचव्या गाण्याचा घोगरेपणा ‘फील’ म्हणून खपवला जातो, तो फक्त थकलेला गळा असतो.

मुंबईहून मास्टरिंग करून आणण्याचा सोसही आता सोडावा. बँडची मागणी एकच असते: जोरात पाहिजे. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण आवाज मोजायचं माप) पातळीवर आणून वाजवतं, यूट्यूबही त्याच्या आसपास. तुम्ही दाबून दाबून उणे ७ पर्यंत नेलेलं गाणं तिथे सात डेसिबलने खाली ओढलं जातं. जोर जातो, दाबल्याने चेपलेला ड्रम तेवढा राहतो. त्यापेक्षा मिक्स घेऊन मित्राच्या गाडीत, स्वस्त इअरफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. फोनवर बास गायब झाला आणि गाणंही गायब झालं, तर दोष मास्टरिंगचा नाही, मांडणीचा आहे.

कागदाचा विषय कंटाळवाणा, पण दोन वर्षांनी भांडण त्यावरूनच होतं. शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, हे गाण्यागणिक एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करावी. कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्याचा, म्हणजे निर्मात्याचा असतो. ‘आपण दोस्त आहोत’ हा करार नाही. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाचं खातं गिटारवाल्याच्या खासगी ईमेलवर उघडलेलं असतं, तो नोकरीला लागतो, वर्षाची वर्गणी भरायची राहते आणि काही वितरकांकडे तेवढ्यावर अख्खा अल्बम उतरतो. दुसऱ्याचं गाणं अल्बममध्ये घालायचं तर कायद्यातल्या कव्हरच्या तरतुदीप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. कॉलेजच्या बँडने तो नादच सोडावा आणि आपली गाणी करावीत.

आता दुसरं टोक. अल्बम शुक्रवारी निघतो. शनिवारपर्यंत शंभर स्टेटस लागतात, ‘एक नंबर भाऊ’, ‘आग लावली बे’. वर्तमानपत्रात चौघांचा हात बांधलेला फोटो येतो आणि खाली चार ओळी, त्यात कॉलेजचं नाव दोनदा. सोमवारी सगळं शांत. स्ट्रीम मोजला जातो तो ३० सेकंद ऐकल्यावर, आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय पैसेच मिळत नाहीत. ‘आग लावली’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तिसरं गाणं लावलं, हे बँडला आकड्यांत दिसतं. पोरांचं मन मोडतं ते तिथे. शिव्या बसल्या असत्या तर निदान पाचही गाणी ऐकल्याचा पुरावा मिळाला असता.

कौतुक करणाऱ्याचं काही जात नाही आणि बँडच्या हाती काही येत नाही. हवं असतं ते असं वाक्य: ‘दुसऱ्या गाण्यात कडव्याला ड्रम उगाच भरलाय, चौथ्यात तुझा आवाज खालच्या पट्टीत छान लागतो, तिथेच रहा.’ असं लिहायला पाच गाणी, म्हणजे वीस-बावीस मिनिटं, शांत बसून ऐकावं लागतं. या शहरात शास्त्रीय संगीताच्या मैफलीचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी प्रयोगावरही कोणी ना कोणी कडक लिहितं. बँडला मात्र ‘पोरं आहेत’ म्हणून सूट. ही सूट म्हणजे त्यांना मोजतच नसल्याची खूण आहे.

‘नागपूरचा माणूस तिकीट काढत नाही’ असं म्हणून विषय संपवणारे बरेच आहेत. त्यांनी दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या बाजूला जाऊन यावं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं तिथून गावोगाव जातात, मंडईच्या निमित्ताने रात्र रात्र चालतात, वाद्यं समोर जिवंत वाजत असतात, आणि धानपट्ट्यातला शेतकरी तिकीट काढून थंडीत बसतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटी आणि सीडी स्टॉलवर मांडून विकल्या गेल्या, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या जाहिरातीशिवाय. म्हणजे स्वतःच्या गाण्याला पैसे देणारा श्रोता विदर्भात आहे. तो घडला, कारण ते गाणं त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललं आणि त्याच्यापर्यंत चालत गेलं. हिवाळ्यात मुंबईचे गायक फुकट ऐकायची सवय लागलेल्या शहराला शंभर रुपयांचं तिकीट जड वाटतं, हे खरं. म्हणून दीडशे माणसांच्या छोट्या जागेपासून सुरुवात करायची. कस्तुरचंद पार्कचं मैदान भरायची घाई कोणाला आहे?

ऐकण्याची सवय लावता येते, याचे दाखले आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. आर.ई.एम. हा बँड तिथे १९८० साली जमला, आणि त्यांना देशभर पोचवलं ते मोठ्या स्टेशनांच्या आधी कॉलेजांच्या रेडिओने. आपल्याकडे १९९३ साली अमित सैगल यांनी रॉक स्ट्रीट जर्नल सुरू केलं ते मुंबई-दिल्लीत नाही, अलाहाबादेत. भारतीय बँडांबद्दल गंभीरपणे लिहिणारं नियतकालिक आपल्यासारख्याच मधल्या शहरातून निघालं. रेडिओचा रस्ताही बंद नाही. केंद्राने २००२ साली शैक्षणिक संस्थांसाठी कम्युनिटी रेडिओ खुला केला आणि २००४ साली चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. आठवड्यातून एक तास शहरातल्या कॉलेजांच्या गाण्यांना, आणि गाण्यानंतर पाच मिनिटं त्यावर खरं बोलणं. यासाठी मोठी गुंतवणूक लागत नाही, कोणाला तरी वाटावं लागतं.

त्याहून सोपं एक आहे. अल्बम निघाला की कॉलेजच्या एका वर्गात श्रवणसभा घ्यायची. दोन बरे स्पीकर, पंखे बंद (म्हणूनही हिवाळा), प्रत्येकाच्या हातात शब्द छापलेला एक कागद. पाचही गाणी सलग, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग अर्धा तास प्रश्न. मराठीच्या प्राध्यापकांना पुढच्या बाकावर बसवायचं, शब्दांवर तेच नेमकं बोलतील. संगीत विभाग असेल तर त्यांनाही. बँडने उत्तर द्यायचं नाही, लिहून घ्यायचं.

रॉक आपलं नाही, पोरांना नको ती थेरं, असं अजूनही कोणी म्हणतं. हार्मोनियम फ्रान्सहून आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही. त्या वादात आम्ही जास्त वेळ घालवणार नाही. कॉलेजच्या खोलीत पोरांनी काय वाजवायचं हे पोरांनी ठरवावं. तिथे उद्या भारूडावर ड्रम पडला तरी चालेल, मारबतीच्या मिरवणुकीतल्या आरोळ्यांवर गिटार आली तर फारच चांगलं.

राहिली किल्ली. तालीम पाचनंतर होते, लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपल्यावर, आणि कार्यालय साडेपाचला बंद होतं. ज्या कॉलेजांत अशी खोली कागदोपत्री आहे, तिथेही ती बहुतेक वेळा बंद दिसते, कारण किल्ली प्राचार्यांच्या केबिनमध्ये असते. ती गेटवरच्या चौकीदाराकडे ठेवावी, वहीत नाव आणि वेळ लिहून घेऊन द्यावी, आणि नऊला परत घ्यावी.